वनजमिनीवर खाण: कायदा काय सांगतो, गावाने केव्हा बोलायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खाणीचा प्रस्ताव आला की गावात आधी अफवा पोहोचते आणि कागद सगळ्यांत शेवटी. तोवर दिल्लीत एखादी बैठक होऊन गेलेली असते, मोजणीचे खुंट जंगलात रोवलेले असतात आणि 'आता काही होत नाही' असे सांगणारेही गावात भेटू लागतात. वन संरक्षण कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून हा गोंधळ आणखी वाढला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, सिंधुदुर्ग या भागांतून जे प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

राखीव जंगल सरकारचेच आहे. मग सरकार ते खाणीला देऊ शकते का?

देऊ शकते, पण राज्य सरकार एकट्याच्या मर्जीने देऊ शकत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'वने' हा विषय समवर्ती सूचीत गेला. त्यानंतर २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संरक्षण कायदा लागू झाला. त्याच्या कलम २ प्रमाणे जंगलाचा राखीव दर्जा काढायचा असेल, वनजमीन वनेतर कामाला वापरायची असेल किंवा ती भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर केंद्राची पूर्वमान्यता लागते. खाण हे वनेतर काम आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा कायदा खाणीला मनाई करत नाही; परवानगीचा रस्ता आखून देतो. आणि जमीन 'वळती' झाली, म्हणजे वनेतर कामाला वापरायला दिली गेली, म्हणून ती कंपनीच्या मालकीची होत नाही. तिचा कायदेशीर दर्जा 'वन' हाच राहतो, मुदत संपल्यावर ती वनविभागाकडे परत यायची असते. 'जमीन आता आमची आहे' असे कोणी गावात येऊन सांगत असेल, तर ते खरे नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने नेमके काय बदलले?

विधेयक २९ मार्च २०२३ ला लोकसभेत मांडले गेले, संयुक्त समितीकडे जाऊन आले, २६ जुलैला लोकसभेत आणि २ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. १ डिसेंबर २०२३ पासून ते लागू आहे. कायद्याचे नावही बदलले. आता तो 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' आहे.

सर्वांत मोठा बदल कलम १-अ मध्ये आहे. जंगल कशाला म्हणायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सोडवला होता: शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे आणि सरकारी दप्तरात ज्याची वन म्हणून नोंद आहे, ते सगळे जंगल, मालक कोणीही असो. कलम १-अ ने ही व्याप्ती आवळली. आता कायदा दोनच प्रकारच्या जमिनींना लागू होतो: ज्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली किंवा अन्य कायद्याखाली वन म्हणून घोषित आहेत, आणि ज्या २५ ऑक्टोबर १९८० रोजी किंवा त्यानंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सरकारी आदेशाने वनेतर वापराकडे गेलेली जमीन वगळली गेली.

प्रत्यक्षात याचा फटका कोणाला? ज्या जंगलाची नोंद कधी नीट झालीच नाही, त्याला. झाडे उभी आहेत, गावाची गुरे तिथे चरतात, पण दप्तरात ती जमीन 'पडीक' किंवा 'गायरान' आहे. महसूल आणि वन या दोन खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे. कायद्याने संरक्षणच नोंदीवर टांगले, तेव्हा त्या दुखण्याची किंमत जंगलाने मोजायची वेळ आली.

म्हणजे नोंद नसलेले जंगल आता खाणीला मोकळे झाले?

नाही, सध्या तरी नाही. या दुरुस्तीला निवृत्त वनाधिकारी आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने सांगितले, की राज्ये आपापल्या जंगलांची ओळख पटवण्याचे काम पूर्ण करेपर्यंत १९९६ च्या निकालातला शब्दकोशीय अर्थच चालेल. पुढे ३ फेब्रुवारी २०२५ ला आणखी एक आदेश आला: भरपाईची जमीन दिल्याशिवाय वनक्षेत्र घटेल असे पाऊल केंद्राने किंवा राज्याने उचलू नये. हे आदेश अंतरिम आहेत, पण लागू आहेत. तहसील कार्यालयात 'नवा कायदा आला, जुने सगळे गेले' असे उत्तर मिळाले, तर या दोन तारखा सांगा.

आमच्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' आहे. ते वन धरायचे का?

होय. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६,४०९ हेक्टर झुडपी जंगलाचा प्रश्न अनेक दशके रखडला होता. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालानुसार ही जमीन वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. तिच्यावर खाण काढायची तर वन कायद्याची पूर्ण प्रक्रिया लागते.

नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी सूट दिली आहे म्हणतात. ती खाणीला लागू होते का?

होत नाही. ती सूट पाच हेक्टरपर्यंतच्या संरक्षणविषयक प्रकल्पांसाठी, निमलष्करी दलांच्या तळांसाठी आणि सार्वजनिक सुविधांच्या प्रकल्पांसाठी आहे. खाण त्यात कुठेही बसत नाही. मात्र 'सार्वजनिक सुविधा' म्हणून काय दाखवले जाते आहे, यावर लक्ष ठेवा. जंगलातून जाणारा रुंद रस्ता कोणत्या गावांना जोडतो आणि कोणत्या डोंगराच्या पायथ्याशी संपतो, हे नकाशावर पाहिले की पुष्कळ गोष्टी कळतात.

खाण नाही, 'नुसते सर्वेक्षण' आहे असे सांगून माणसे आली आहेत. त्यांना परवानगी लागते का?

या प्रश्नाकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले आहे. दुरुस्तीने कलम २ मध्ये एक नवे पोटकलम घातले. टेहळणी, पूर्वेक्षण, अन्वेषण अशी सर्वेक्षणाची कामे कोणत्या अटींवर वनेतर काम धरायची नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. अटी पाळून बोअर मारले जात असतील, तर खाणीइतकी पूर्ण वनमंजुरी लागेलच असे नाही.

तरीही जंगलात शिरणारे पथक वनविभागाला न कळवता येऊ शकत नाही. वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडे लेखी विचारा: कोणत्या आदेशाने, कोणत्या कक्ष क्रमांकात (वनविभागाने जंगलाचे पाडलेले क्रमांकित भाग), किती बोअर, किती झाडे? वनहक्क मान्य झालेल्या क्षेत्रात काम असेल, तर ग्रामसभेला कळवले होते का, हेही विचारा. सर्वेक्षणाच्या वेळी गप्प राहिलेले गाव खाणीच्या वेळी मागे पडते, कारण त्यानंतरचा प्रत्येक कागद 'येथे खनिज आहे' या वाक्याने सुरू होतो.

ग्रामसभेची संमती लागते की नाही? दोन वकील दोन उत्तरे देतात.

लागते. पण केव्हा लागते यावर सगळा खेळ आहे, म्हणून थोडे विस्ताराने.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने वन, वन्यजीव आणि आपला सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा राखण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. कलम ४(५) प्रमाणे हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. मात्र 'खाणीसाठी संमती' हे शब्द त्या कायद्यात थेट लिहिलेले नाहीत. ते आले पर्यावरण मंत्रालयाच्या ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकातून: वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावासोबत हक्क निश्चित झाल्याचे आणि ग्रामसभेने संमती दिल्याचे पुरावे जोडा.

मग नियमगिरी घडले. ओडिशातल्या या डोंगरावर बॉक्साइट काढायचे होते. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. त्यात डोंगरिया कोंध समाजाच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचाही विचार व्हायचा होता. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने मंजुरी नाकारली. डोंगर आजही उभा आहे.

यानंतर २८ जून २०२२ चे वन संरक्षण नियम आले. वनमंजुरीचे दोन टप्पे असतात: तत्त्वतः मान्यता आणि अंतिम मान्यता. नव्या नियमांत वनहक्क कायद्याच्या पालनाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली गेली. केंद्राची अंतिम मान्यता आल्यावर, जमीन हाती देण्याचा आदेश काढण्यापूर्वी राज्याने ती पार पाडायची. २०२३ च्या नियमांनी हाच क्रम कायम ठेवला. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने २०२२ मध्येच या नियमांवर लेखी हरकत घेतली आणि ते स्थगित ठेवण्याची शिफारस केली. वनहक्क कायदा जसाच्या तसा आहे, हक्कांना बाधा येत नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे.

कागदावर ते बरोबरही असेल. पण कंपनीने पैसे भरले, केंद्राने शिक्का मारला, राज्याने उद्योगाची घोषणा केली, आणि मग गावाला विचारायचे, याला विचारणे म्हणत नाहीत. याच वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे जंगलातल्या एका हेक्टरच्या आत शाळा, अंगणवाडी किंवा पाण्याची टाकी बांधायची असली, तरी ग्रामसभेची शिफारस आधी लागते. अंगणवाडीला आधी विचारायचे आणि शेकडो हेक्टरच्या खाणीला शेवटी, हा क्रम आम्हाला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलला पाहिजे.

तोवर गावाच्या हातात एक गोष्ट आहे: कोणी विचारण्याची वाट न पाहणे. सामूहिक वनहक्काचा दावा आजच दाखल करा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. त्या पट्ट्यावर गाव बांबू विकते आणि जंगलाचे नियोजन स्वतः करते. हक्काची नोंद आधी असेल, तर प्रस्तावाच्या कागदात 'येथे कोणतेही दावे प्रलंबित नाहीत' असे बिनदिक्कत लिहिता येत नाही.

ग्रामसभेचा ठराव कसा असावा?

न्यायालयात ठराव टिकतो तो मजकुरापेक्षा त्याच्या नोंदीमुळे. वनहक्क नियमांप्रमाणे (२०१२ ची दुरुस्ती) निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. ही ग्रामसभा पाड्याची किंवा टोल्याची असते, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेची नव्हे. सरपंचाने सही केलेले 'ना हरकत' पत्र म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे, मग त्यावर कितीही गोल शिक्के असोत.

ठरावबुकाचे पान असे दिसले पाहिजे: वर तारीख, वार, वेळ, सभेची जागा, दवंडी कोणी आणि कधी दिली, एकूण सभासद किती, हजर पुरुष किती, स्त्रिया किती, सभेपुढे कोणते कागद ठेवले आणि ते माडिया किंवा गोंडी, ज्या भाषेत लोकांना कळतात त्या भाषेत कोणी वाचून दाखवले. त्यानंतर ठराव. त्यात 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहून थांबू नका. कोणत्या कक्षातून तेंदू तोडता, मोह कुठे वेचता, कोणत्या नाल्याचे पाणी शेताला येते, देवस्थान कोणत्या टेकडीवर आहे, ते नावानिशी लिहा. खाली सह्या आणि अंगठे, प्रत्येक अंगठ्यापुढे नाव. मधे कोरी ओळ सोडू नका. पानाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा आणि प्रत जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक व वनहक्क दावे तपासणाऱ्या उपविभागस्तरीय समितीला देऊन पोच घ्या.

जनसुनावणी झाली म्हणजे गावाची संमती झाली का?

अजिबात नाही. जनसुनावणी ही १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालची गोष्ट आहे, आणि ती पर्यावरण मंजुरीसाठी असते. तिला गणपूर्ती नसते, तिथे मतदान होत नाही. पण तिच्यात तीन हत्यारे आहेत. किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे दवंडी द्यावी लागते. आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. तो वाचल्याशिवाय उठू नका. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच उभे राहून सांगा.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी, असे अधिसूचना सांगते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची २०२२ ची सुनावणी गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. एटापल्लीपासून हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. मजुरी बुडवून, गाडी करून तिथवर कोण जाणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाने अणुखनिजे आणि महत्त्वाच्या, सामरिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. लोहखनिज त्यात येत नाही.

सुरजागडची स्थिती काय आहे?

एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर लॉयड्स मेटल्स या कंपनीकडे ३४८.०९ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा आहे. तो २००७ मध्ये मंजूर झाला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली वाहने जाळली, काम थांबले, नंतर पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये उत्पादनक्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये खनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन वळती करण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यात एक लाखाहून अधिक झाडे येतात.

त्याच तालुक्यात तोडगट्टा येथे २०२३ मध्ये अनेक गावांतले लोक नव्या खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले होते. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन मोडले. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, त्याची दरवर्षी यात्रा भरते. माडिया गोंड ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. नियमगिरीच्या निकालातला तर्क इथे तंतोतंत लागू व्हायला हवा, असे आमचे ठाम मत आहे.

खाणीतून रोजगार मिळतो, पैसा येतो. मग अडचण काय?

रोजगार मिळतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गडचिरोलीतल्या तरुणांना कामाची गरज आहे. खाणीवर डंपर चालवणारा मुलगा घरी पैसे पाठवतो. पण हिशेब दोन्ही बाजूंचा मांडा. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलन केंद्रावर) सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून देणाऱ्या बाईला जे रोख पैसे मिळतात, ते कोणाच्या शिफारशीवर अवलंबून नसतात. मोहफूल, चारोळी, बांबू यांचेही तसेच. ही मिळकत कोणत्याही प्रकल्प अहवालात नीट दिसत नाही, म्हणून ती ठरावात लिहायची.

खाणबाधित भागांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी हाही गावाचा हक्क आहे. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि नंतर लिलावाने दिलेल्यांना १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरावी लागते. अनुसूचित क्षेत्रात या निधीच्या योजनांना ग्रामसभेची मान्यता लागते. ती कधी घेतली, हे विचारा.

तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे जंगल लावतात ना?

लावतात, म्हणजे लावायचे असते. नियम असा: जितकी वनजमीन गेली तितक्या वनेतर जमिनीवर पर्यायी वनीकरण, किंवा काही प्रकरणांत दुप्पट विरळ जंगलावर. शिवाय जंगलाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे जंगलापासून मिळणाऱ्या लाभांची पैशात काढलेली किंमत, भरायचे. २००८ मध्ये ते हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले आणि जानेवारी २०२२ मध्ये सुमारे दीडपट झाले. हे पैसे ज्या निधीत जमा होतात, त्यातला ९० टक्के वाटा २०१६ च्या पर्यायी वनीकरण निधी कायद्याप्रमाणे राज्याला मिळतो.

पण एटापल्लीतल्या जंगलाची भरपाई दुसऱ्या जिल्ह्यात सागाची रोपे लावून होत असेल, तर ज्यांचे जंगल गेले त्यांच्या हाती काय आले? मोहाचे झाड फुलावर यायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि नवी लागवड बहुधा मोहाची नसतेच. पर्यायी वनीकरणाची जागा प्रस्तावातच लिहिलेली असते. ती प्रत्यक्ष पाहून या. कधी कधी तिथे आधीच जंगल उभे असते, कधी कोणाची शेती असते.

अभयारण्य, व्याघ्रप्रकल्प, सह्याद्री आणि गोवा यांचे काय?

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात, तसेच त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ ला पुन्हा स्पष्ट केले. गोव्यासाठी एक किलोमीटरची ही मर्यादा २१ एप्रिल २०१४ च्या निकालात आली होती. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला तिथल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द झाले. अभयारण्यांना जोडणाऱ्या वाघाच्या भ्रमणमार्गांना मात्र असे सरसकट संरक्षण नाही. सह्याद्रीतल्या ५६,८२५ चौरस किलोमीटरच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्यात खाणबंदी आहे. २०१४ पासून मसुद्यावर मसुदा निघतो आहे आणि दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांना दर वेळी न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

मंजुरी निघाली. आता दाद कुठे मागायची?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. वन कायद्याच्या कलम २ खालच्या आदेशाविरुद्ध आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. त्यापुढे दार बंद होते. ग्रामसभेच्या हक्कांचा भंग झाला असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते. विदर्भासाठी नागपूर खंडपीठ.

मुदत कळवल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर तुमच्या जिल्ह्याचे प्रस्ताव दर आठवड्याला पाहा. तिथे प्रस्तावाचा क्रमांक, नकाशा, उपवनसंरक्षकांचा स्थळपाहणी अहवाल आणि केंद्राच्या वन सल्लागार समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मिळते. सर्वांत आधी स्थळपाहणी अहवाल वाचा: झाडांची संख्या, वन्यप्राण्यांचा वावर आणि वनहक्क दाव्यांची माहिती हे तीन रकाने. तिथे चुकीचे लिहिले असेल, तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच जपून ठेवा.